ओळ उचलणारा

आमच्या लातूरच्या ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर एक भाऊसाहेब होते. सरकारी ऑफिसात क्लार्कला भाऊसाहेबच म्हणतात, त्यामुळे तसे भाऊसाहेब एकूण सहा होते. पण नुसतं भाऊसाहेब म्हटलं की हेच. समोरचा काहीही बोलला की त्यातले शेवटचे दोन-तीन शब्द हे खालच्या आवाजात परत म्हणायचे. साहेब म्हणाले, ही फाईल उद्या बघू, की हे, उद्या बघू. शिपाई म्हणाला, आज नळाला पाणी आलं नाही, की हे, आलं न्हाई. चेष्टा नसायची त्यात. माणूस मान डोलवतो तसं ते म्हणायचे, आणि मग मान वेगळी डोलवायचे नाहीत.

एक नवे साहेब बदलून आले, त्यांना वाटलं हा आपली नक्कल करतो. त्यांनी चक्क कारणे दाखवा नोटीस काढली आणि भाऊसाहेबांना केबिनमध्ये बोलावून स्वतः वाचून दाखवली. आम्ही बाहेर कान लावून होतो. शेवटचं वाक्य होतं, खुलासा तीन दिवसांत सादर करावा. आणि आतून भाऊसाहेबांचा आवाज आला, सादर करावा. त्या नोटिशीचं पुढं काही झालं नाही, कारण तिचा खुलासा आवक करून साहेबांपुढं ठेवायचं कामही भाऊसाहेबांचंच होतं. दोन वर्षांनी तेच साहेब बदलून गेले तेव्हा निरोपाच्या भाषणात म्हणाले, या माणसानं परत म्हटल्याशिवाय मला बोलून झाल्यासारखं वाटत नाही.

ही खोड कुठून आली ते ऑफिसात जुन्यांना माहीत होतं. भाऊसाहेब तरुणपणी वीसेक वर्षं एका गायन पार्टीत कोरस होते. एप्रिलचा, जयंतीचा महिना आला की लातूर, चाकूर, मुरुड, उदगीर, रोज रात्री एक गाव. पुढं शाहीर, त्याच्या मागं पेटी आणि ढोलकी, आणि बाजूला कोरसला हे एकटे. शाहिरानं ओळ म्हणायची, ओळ संपता संपता कोरसनं तिचं शेपूट उचलायचं, म्हणजे शाहिराला श्वास घ्यायला वाव मिळतो. याला जुनी माणसं झील धरणं म्हणतात. भाऊसाहेब म्हणायचे, ओळ उचलणं.

वीस वर्षं ओळ उचलणाऱ्या माणसाचं पुढं काय होतं, ते यांच्याकडं बघून कळायचं. ते कुठल्याच गोष्टीची सुरुवात करायचे नाहीत. फोन उचलून गप्प राहायचे. पलीकडच्यानं हॅलो म्हटलं की मग हे हॅलो. दारातून आधी दुसऱ्याला जाऊ द्यायचे, मग तो दुसरा चहावाला का असेना. दोन भाऊसाहेब एकदा दारात एकमेकांना आधी तुम्ही, आधी तुम्ही करत होते. त्यातले दुसरे कंटाळून रजेचा अर्ज उद्या देतो म्हणून घरी गेले.

आणि दुसरी खोड म्हणजे गाणी. गाणी म्हणायची नाही, गाण्यांचा अर्थ लावायची. तीही सगळी गाणी नाहीत. ज्या गाण्यात माणूस म्हणतो की मी एकटा आहे, किंवा मला एकटं सोडा, तेवढीच. टपरीवर असं गाणं लागलं की हे चहाचा ग्लास खाली ठेवायचे. म्हणायचे, “माझं कोनी न्हाई म्हणतो. मग मागं हे चाळीस जण कोन वाजवून राहिले?” एकदा एका फारच दर्दभऱ्या गाण्यावर त्यांनी निकाल दिला की हे खोटं हाय. एकटा माणूस गात न्हाई, एकटा माणूस भांडे घासतो.

भाऊसाहेब स्वतः भांडी घासायचे. बायको पुण्यात मुलाकडं, नातवाला सांभाळायला. हे दिवाळीत चार दिवस जाऊन यायचे आणि पाचव्या दिवशी खुर्चीत हजर. त्यांचं गाव किल्लारीच्या अंगाला, त्यामुळं नवीन माणूस हळू आवाजात विचारायचाच की भूकंपात कोणी गेलं का तुमचं. ते सांगायचे की भिंती पडल्या, एक म्हैस गेली, माणूस एकही नाही. विचारणाऱ्याचा चेहरा पडायचा. एकट्या माणसामागं लोकांना एखादं मोठं कारण लागतं.

त्यांच्या गल्लीत सगळी क्लासची पोरं. लातूरला अशा गल्ल्या किती तरी आहेत, घरटी सहा खोल्या आणि खोलीत दोन पोरं, डॉक्टर व्हायला आलेली. त्यांच्या कानात सदा काहीतरी खुपसलेलं. भाऊसाहेब जिन्यात गाठून विचारायचे, काय म्हणून राहिला तो? पोरं त्यांना अर्थवाले काका म्हणायची. एका पोरानं सांगितलं की काका, इंग्रजी आहे, तो म्हणतो पडदे लावा, मला कोणाचं तोंड बघायचं नाही. भाऊसाहेबांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी त्या पोराच्या खोलीशी जाऊन उभे राहिले. दार अर्थात वाजवलं नाही. पोरगं आंघोळीला बाहेर निघालं तेव्हा त्याला विचारलं, की ते पडद्याचं तो एकदाच म्हणतो का परत परत?

त्यांचे प्रश्न ठरलेले तीन होते. कोणाला म्हणतो? ओळ किती वेळा म्हणतो? आणि ओळ संपल्यावर थांबतो का?

मी त्या ऑफिसात आले ती तोंड पाडून. आमचं घर नांदेडला. माझा साखरपुडा झाला होता, पत्रिका छापायला टाकायच्या होत्या, आणि तिकडच्यांनी निरोप पाठवला की आमचा विचार बदलला. त्यानंतर दोन महिने आमच्या घरी माणसांची रीघ. मावश्या, काकू, शेजारच्या वहिनी, सगळ्या माझ्या पाठीवरून हात फिरवायला. पाठ दुखून आली माझी. नोकरीचा आदेश लातूरचा निघाला तेव्हा आईनं रडून घेतलं आणि मी बॅग भरली. इथं मला कोणी ओळखत नव्हतं, आणि ओळख करून घ्यायला आलेल्याला मी दोन शब्दांत वाटेला लावत होते. घरून फोन आला की एकच सांगायचे, मला एकटीला राहू द्या. दुपारी जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बाया डबे घेऊन गोल बसायच्या आणि मी टेबलावर डोकं टेकून एकच गाणं ऐकत बसायचे. त्यातली बाई म्हणायची, मी दार लावून घेतलंय, कोणी वाजवू नका.

आठवडाभर भाऊसाहेबांनी धीर धरला असावा. मग माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. मी वर बघेपर्यंत बोलले नाहीत, अर्थातच. मी विचारलं, काय आहे? ते म्हणाले, काय हाय. मग विचारलं, की मॅडम, काय म्हणून राहिली ती?

मी रागानंच सांगितलं, ती म्हणते दार वाजवू नका.

“कोनाला म्हणती?”

“कोणाला नाही. स्वतःशीच.”

“सोताशीच म्हणती तर एवढा आवाज कशाला?” ते म्हणाले. “आन् ओळ झाल्यावर थांबती का?”

मी म्हटलं, मला माहीत नाही. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, माहीत न्हाई. मग गेले.

त्या दिवशी चार वाजता चहा आला तेव्हा त्यांनी माझ्या टेबलावर दोनदा टकटक केली, त्यांच्या आवकच्या शिक्क्याच्या लाकडी मुठीनं. मग आपले पुढं निघून गेले. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी मी सांगितलं की भाऊसाहेब, मला आवडत नाही हे. ते म्हणाले, आवडत न्हाई, आणि चौथ्या दिवशी परत टकटक. मी साहेबांकडं तक्रार करायचं ठरवलं होतं. पण त्या टकटकीनं मी डोकं वर करायचे, डोकं वर केलं की समोर चहा असायचा, आणि चहाबरोबर कोणीतरी असायचंच. दोन-तीन महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की मी पावणेचारला कानातले इअरफोन काढून ठेवायला लागले होते. हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

त्यांच्या स्वतःच्या एकटेपणाची मात्र गंमतच होती. जेवताना माणसानं एकटं असावं असं त्यांचं मत होतं. तेवढ्यासाठी ते डबा घेऊन बाहेर जायचे आणि नेमके जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसायचे, जिथून अख्ख्या ऑफिसची ये-जा चालायची. येणारा-जाणारा थांबून विचारायचा, काय भाजी? ते भाजी दाखवायचे आणि कपाळाला आठ्या घालायचे की सुखानं जेऊ देत न्हाईत.

हळूहळू मी मॅडमची ताई झाले. एकदा मीच त्यांना विचारलं की कोरसमध्ये अवघड काय असतं? नुसतं परत तर म्हणायचं. त्यांनी शिक्का खाली ठेवला. म्हणाले, लई अवघड. लवकर उचलली तर शाहिराची ओळ तुटते, उशिरा उचलली तर गाणं पडतं. सगळा खेळ त्या मधल्या जागेचा. शब्द नाही ऐकायचे, जागा ऐकायची. मी विचारलं, आणि चुकलं तर?

“कोरस चुकला तर शाहीर थांबत न्हाई. तीच ओळ परत म्हणतो. लोकायला वाटतं, रंगात आलाय. आपल्याला कळतं, आपल्यासाठी म्हणला. मग उचलायची गुमान.”

त्यांनी हे सांगितलं आणि लगेच दोन टपालं उगाच उलटसुलट केली. त्या शाहिराचं पुढं काय झालं, असं मी विचारलं. ते म्हणाले, काय झालं, आणि विषय संपला.

मी आल्यानंतरच्या तिसऱ्या वर्षी, हिवाळ्यात, एक दिवस चार वाजता टेबल वाजलं नाही. मी वाट बघितली. सव्वाचारला उठून त्यांच्या टेबलाशी गेले. ते टपालापुढं नुसते बसले होते. मी म्हटलं, भाऊसाहेब, चहा आलाय. ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले आणि त्यांनी माझं वाक्य परत म्हटलं नाही. तेव्हा मी घाबरले.

शाहीर गेला होता, चाकूरला, त्याच्या घरी. बातमी तीन दिवस जुनी होती, फोनवर कोणाच्या तरी ग्रुपमधून फिरत फिरत आली होती. मग भाऊसाहेबांनी सांगितलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, कोणी न विचारता.

वीस वर्षं दोघं एका माईकवर. शाहिराचं नाव होत गेलं तसं लोक त्याला म्हणायला लागले, की तुला कोरस कशाला, शहरात एकटाच गात जा. भाऊसाहेबांच्या कानावर हे येत होतं. त्यांनी शाहिराला विचारलं नाही. विचारायची सुरुवात कोणी करायची? मग चाकूरला जयंतीचा कार्यक्रम होता. शाहिरानं त्या रात्री एक नवं गाणं काढलं, यांना न सांगता. भाऊसाहेबांनी मला ते गाऊन नाही, सांगून दाखवलं.

तुमची वाट तुम्हा बरी गड्या हो, माझी मला राहू द्या;
नको कुणाची सोबत आता, एकला मला जाऊ द्या.

“गड्या हो म्हणाला तवा माझ्याकडं बघितलं त्यानं,” भाऊसाहेब म्हणाले. “वाटलं, मलाच सांगून राहिला. चारशे माणसायपुढं. म्या तोंड मिटलं. त्यानं परत म्हणलं, एकला मला जाऊ द्या. दोनदा सांगितलं, ताई, दोनदा. म्हणलं, जा मग.”

त्या रात्री त्यांनी ओळ उचलली नाही. कार्यक्रम संपल्यावर कोणी कोणाशी बोललं नाही. भाऊसाहेब सकाळच्या एसटीनं लातूरला आले. पुढच्या कार्यक्रमाचा निरोप आला नाही. शाहीर वाट बघत असेल, हे आपणहून येतील म्हणून, आणि हे तर कधीच आपणहून कुठं गेले नव्हते. सतरा वर्षं गेली. लातूरहून चाकूरला तास-दीड तास लागतो. मध्ये एकदा शाहिराच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका ऑफिसच्या पत्त्यावर आली. भाऊसाहेबांनी तिच्यावर आवकचा शिक्का मारला, क्रमांक टाकला आणि संकीर्णच्या फाईलला लावून टाकली. त्यांनी कपाटातून ती काढून मला दाखवली. कोपऱ्यात पेनानं लिहिलं होतं, नक्की यावे.

मग मला ते तीन प्रश्न कळले. हा माणूस सतरा वर्षं टपरीवर, जिन्यात, माझ्या टेबलाशी एकच विचारत फिरत होता, की मला एकटं सोडा असं माणूस म्हणतो तेव्हा त्याला काय हवं असतं. त्याला सगळ्या गाण्यांचा अर्थ नको होता. एकाचाच हवा होता, आणि ज्याला माहीत होता तो आता नव्हता.

पुढच्या रविवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. माणूस गेल्यावर बौद्ध घरांत करतात तो; वंदना होते, आठवणी सांगतात, जेवण होतं. भाऊसाहेबांनी जायचं ठरवलं असं मी म्हणणार नाही. मी म्हटलं, आठच्या एसटीनं निघू. ते म्हणाले, निघू. त्यांनी माझं वाक्य परत म्हटल्यावर मला थोडं बरं वाटलं.

चाकूरला घराशी मांडव घातला होता. भाऊसाहेब मांडवाच्या तोंडाशी येऊन थांबले, तसे ते सगळीकडं थांबायचे. मी आधी आत गेले. मग ते आले आणि मागच्या रांगेत माझ्या शेजारी, खुर्ची अर्धीच धरून बसले. कोणी ओळखलं, कोणी नाही. वंदना झाली. चार लोक बोलले. मग शाहिराची मुलगी उभी राहिली, पत्रिकेतलीच ती, आता कडेवर पोर असलेली. ती म्हणाली, बाबांच्या आवाजाच्या कॅसेटी आम्ही फोनवर उतरवून घेतल्यात. एक गाणं त्यांनी एकदाच म्हणलं होतं, आपल्याच चाकूरला, परत कधी म्हणलं न्हाई. ते लावते. तिनं फोन माईकशी धरला.

खरखर झाली, मग पेटी, मग ढोलकी. मग तो आवाज. मी शाहिराला कधी पाहिलं नव्हतं, पण रुंद छातीचा माणूस असावा. तुमची वाट तुम्हा बरी गड्या हो. भाऊसाहेबांनी दोन्ही हातांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरली. एकला मला जाऊ द्या, असं म्हणून आवाज थांबला.

आणि जागा आली. ढोलकी चालली होती, पेटी त्याच सुरावर फिरत होती, आणि मध्ये काहीच नव्हतं. मला गाण्यातलं कळत नाही, पण कोणाची तरी वाट बघणं चाललंय हे मलासुद्धा कळलं. मग शाहिरानं तीच ओळ परत म्हटली, थोडी हळू, लहान मुलाला हात धरून पायरी दाखवावी तशी. आणि परत थांबला. परत कोणी आलं नाही. तेव्हा कुठं तो दुसऱ्या कडव्याला लागला, आणि श्वास मिळाला नव्हता म्हणून पहिला शब्द फाटला.

मी भाऊसाहेबांकडं बघितलं. ते माझ्याकडंच बघत होते.

“त्यानं उचल म्हणून म्हणलं होतं गं,” ते म्हणाले. “दुसऱ्यांदा म्हणला ते मला उचल म्हणून. आन् म्या शब्द ऐकले.”

वीस वर्षं जागा ऐकणाऱ्या माणसानं, रागाच्या भरात, आयुष्यात एकदाच फक्त शब्द ऐकले होते. तेवढ्यात दुसरं कडवं संपत आलं. भरल्या मंडपातून गड्या हो, हळूच मला निघू द्या, एकला मला जाऊ द्या. जागा आली, आणि शेजारी भाऊसाहेबांनी ओळ उचलली.

मोठ्यानं नाही. पण नेमकी. लोक मागं वळले. मुलीनं फोन तसाच धरून ठेवला. फोनमधल्या शाहिरानं पुढचं कडवं सुरू केलं आणि खरं सांगते, त्याला श्वास मिळाल्यासारखं वाटलं. प्रत्येक कडव्याला त्यानं जागा सोडली होती, शेवटपर्यंत, आणि त्या मांडवात ती प्रत्येक जागा भरली गेली. भाऊसाहेबांच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि आवाज मात्र तसूभर हलला नाही. वीस वर्षांची सवय होती ती.

मग शेवटची ओळ आली. शाहिरानं ती म्हटली, भाऊसाहेबांनी उचलली, आणि फोनमध्ये खट् असा आवाज होऊन कॅसेट संपली. पेटी गेली, ढोलकी गेली. एवढ्या मांडवात भाऊसाहेबांचा आवाज एकटाच राहिला, पुढं कोणी नसलेला. तोही विरला.

लोकांना वाटलं झालं. मुलगी फोन खाली घ्यायला लागली. तेव्हा भाऊसाहेबांनी समोर बघत, कोणीही सुरू करून दिलेली नसताना, ती ओळ परत म्हटली. एकला मला जाऊ द्या. आणि ते थांबले.

ओळ दुसऱ्यांदा कधी म्हणतात, ते मला त्यांनीच शिकवलं होतं. मला गाता येत नाही. मी ती उचलली.